डंकन कॅम्पबेल स्कॉट, पटावरची मुलं कुठे गेली?

श्री. डंकन कॅम्पबेल स्कॉट यांस,
बीचवुड स्मशानभूमी, ऑटवा, कॅनडा

तुम्ही 1947 साली गेलात. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असं आमच्याकडे म्हणतात आणि एरवी मी ते पाळते. तुमच्याबाबतीत पाळणार नाही. ज्या मुलांविषयी लिहायचं आहे तीही मेलेलीच आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांविषयी तुमच्या खात्यानं बरी किंवा वाईट, एक ओळसुद्धा लिहून ठेवलेली नाही.

मराठी वाचकाला तुमची ओळख करून द्यायला हवी. 1879 साली, सतराव्या वर्षी, तुम्ही कॅनडाच्या इंडियन अफेअर्स खात्यात कारकून म्हणून लागलात. चढत चढत मुख्य हिशेबनीस झालात, 1909 साली शिक्षण विभागाचे प्रमुख आणि 1913 साली खात्यातले सर्वांत वरचे अधिकारी. 1932 साली निवृत्त होईपर्यंत देशभरातल्या आदिवासींचं जगणं तुमच्या सहीनं हलायचं. शिवाय तुम्ही कवी. हौशी नव्हे, नावाजलेले. रॉयल सोसायटी ऑफ कॅनडाचे अध्यक्ष झालात. पियानो उत्तम वाजवायचात. 1906 साली आदिवासींशी जमिनीचा करार करायला उत्तर ऑन्टारिओच्या नद्यांतून होडीनं गेलात, तेव्हा एक साहित्यिक मित्र बरोबर होता आणि वाटेत तुम्ही इंग्रजी कविता वाचत होतात. तुमच्या स्वतःच्या कवितांत आदिवासी बाई येते, तिच्या मावळत चाललेल्या वंशाबद्दल हळहळ येते. तो वंश मावळावा म्हणून दिवसभर कचेरीत कोण राबत होतं, ते तुमच्या कवितेत येत नाही.

आदिवासी मुलांच्या निवासी शाळांच्या बाबतीत लोकांचा राग साधारणपणे चाबूक उगारणाऱ्या जोगिणीवर, रात्री मुलांच्या खाटेशी येणाऱ्या पाद्र्यावर निघतो. तो निघायलाच हवा. मी मात्र तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही कुणा मुलाच्या अंगाला हात लावल्याची नोंद नाही. त्याची गरजच नव्हती; तुमच्या हाताशी फाईल होती.

या शाळा सरकारनं काढल्या आणि चालवायला चर्चकडे दिल्या. 1880च्या दशकापासून ते 1990च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख मुलं त्यांत घातली गेली: क्री, अनिशिनाबे, इनुइट, मेटी आणि कितीतरी. घरापासून शेकडो मैल लांब. आल्या दिवशी वेण्या कापायच्या, घरचे कपडे काढून घ्यायचे, बऱ्याच ठिकाणी नावाऐवजी नंबरानं हाक मारायची. आईची भाषा तोंडातून निघाली की मार. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या, आणि दोघांनी बोलायचं नाही. अर्धा दिवस वर्ग, उरलेला अर्धा दिवस शेतात, गोठ्यात, धुलाईघरात. शाळा चालवायला मजूर लागत होते, ते मुलांतूनच मिळाले.

पैसे सरकार द्यायचं दरडोई. आमच्याकडे ज्यांनी अनुदानाच्या शाळा पाहिल्या आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जितका पट, तितकं अनुदान. मग पट भरण्यासाठी खोकणारं मूल आत घ्यायचं, ताप असलेलं मूल आत घ्यायचं, आणि त्याला धडधाकट मुलाशेजारी झोपवायचं. अनुदान इतकं तुटपुंजं की अन्नात, कोळशात, औषधात काटछाट केल्याशिवाय भागायचं नाही. तुम्ही खुर्ची सोडल्यानंतरही, 1930च्या दशकाच्या अखेरीस, मॅनिटोबात आदिवासी मुलामागे वर्षाला 180 डॉलर मिळत होते. त्याच प्रांतातल्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत माणशी 640 डॉलरच्या वर खर्च होत होता. एका मुलाला जगवायला किती लागतं हे सरकारला ठाऊक होतं, असा याचा अर्थ. तुम्ही वर्षानुवर्षं हिशेब राखलात. पैसे वाचवलेत. मुलं वाचली नाहीत.

आता डॉक्टर पीटर ब्राइस यांच्याबद्दल बोलू. तुम्हाला हा विषय कधीच आवडला नाही, म्हणून जरा सावकाश बोलू.

ब्राइस तुमच्याच खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. 1907 साली त्यांनी पश्चिमेकडच्या 35 शाळा तपासल्या. हिवाळ्यात ऊब टिकावी म्हणून बंद केलेल्या खिडक्या, कोंडलेली हवा, आजारी आणि निरोगी मुलं एकाच दालनात. त्यांनी शाळांना प्रश्न पाठवले: सुरुवातीपासून आलेल्या मुलांचं पुढे काय झालं? पंधरा शाळांनी उत्तरं दिली. 1,537 मुलांपैकी जवळजवळ पाव मुलं मेलेली होती. फाईल हिल्स या एका शाळेनं नेमकी माहिती दिली. तिथून बाहेर पडलेल्यांपैकी शेकडा 69 मेले होते. बहुतेक ठिकाणी कारण एकच, क्षय. हा अहवाल कपाटात कुलूपबंद राहिला असंही नाही. त्याच नोव्हेंबरात ऑटव्याच्या वर्तमानपत्रानं तो पहिल्या पानावर छापला. शहरात चहा घेता घेता लोकांनी तो वाचला असेल. तुम्ही त्याच शहरात राहत होतात, त्याच खात्याचे हिशेब लिहीत होतात.

ब्राइस यांनी उपायही सुचवले होते. हवा खेळू द्या, मुलांची तपासणी करा, शाळांचा कारभार सरकारनं थेट हातात घ्यावा, क्षयाच्या मुलांवर उपचार करावेत. तुमचा शेरा असा की हे खर्चिक आहे आणि चर्चला मानवणार नाही. पुढे तुम्ही प्रमुख झालात आणि खात्याला ब्राइस यांच्या अहवालांची गरजच उरली नाही. 1921 साली त्यांना सक्तीनं निवृत्त केलं गेलं. 1922 साली त्यांनी स्वतः पुस्तिका छापली आणि शीर्षकातच या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटलं.

म्हणूनच तुमच्या वतीनं कुणी म्हणतं की ‘तो काळच तसा होता’, तेव्हा माझा संताप होतो. कुठला काळ? ब्राइस त्याच काळातले. त्याच शहरातले, त्याच सरकारचा पगार घेणारे. चर्चच्या कामात मुरलेले टोरान्टोचे वकील सॅम्युअल ब्लेक त्याच काळातले. टाळता येण्याजोगी कारणं सरकार दूर करत नाही म्हणून ते सदोष मनुष्यवधाच्या अगदी जवळ पोचलं आहे, असं त्यांनी लिहिलं. मुलं लपवणारे आईबाप त्याच काळातले. काळानं तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुम्हीही ते मान्य केलंत: 1914 साली कॅनडाच्या इतिहासावरच्या एका ग्रंथमालेत तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत की या शाळांतून गेलेली निम्मी मुलं तिथल्या शिक्षणाचा उपयोग करून घ्यायला जगलीच नाहीत. निम्मी! आणि वाक्य कसं, तर शिक्षण वाया गेल्याची खंत असावी तसं.

हे लिहून झाल्यावर सहा वर्षांनी तुम्ही काय केलंत? 1920 साली कायदा बदलून घेतलात. सात ते पंधरा वर्षांच्या आदिवासी मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं. नाही पाठवलं तर आईबापांना दंड, नाहीतर तुरुंग. संसदेच्या समितीपुढे उद्दिष्टही सांगितलंत: आदिवासी म्हणून वेगळा ओळखता येईल असा एकही माणूस या देशात उरत नाही, तोपर्यंत हे चालू राहील. 1927 साली आणखी एक कलम आलं. जमिनीच्या हक्कासाठी दावा लावायला आदिवासींनी आपसांत वर्गणी काढणं, तुमच्या खात्याच्या परवानगीशिवाय, गुन्हा ठरलं. मूल न्या, जमीन न्या, आणि वकिलाची फी जमवणाऱ्यालाही धरा. या कामात तुमच्याकडून काही सुटलं नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं बराच वेळ मनात होतं. लिहिते. 1907 सालीच, ब्राइस यांच्या अहवालाच्याच वर्षी, तुमची एकुलती एक मुलगी एलिझाबेथ पॅरिसच्या निवासी शाळेत दगावली. तुम्ही दोघं तेव्हा स्पेनमध्ये होतात. अकरा-बारा वर्षांचं लेकरू, परक्या गावात, आईबाप जवळ नसताना. ते दुःख तुम्हाला जन्मभर पुरलं आणि त्याबद्दल तुम्हाला टोमणा मारण्याइतकी मी खाली उतरणार नाही. पण याच कारणानं तुम्हाला सूट देता येत नाही. शाळेत पाठवलेलं मूल परत येत नाही म्हणजे काय, हे त्या खात्यातल्या दुसऱ्या कुणाला नसेल तरी तुम्हाला कळत होतं. ते कळूनही तुम्ही हजारो घरांवर ते लादलंत, कायद्यानं लादलंत. तुम्हाला मुलीचं थडगं तरी ठाऊक होतं. पुष्कळ क्री आणि अनिशिनाबे आयांना मूल गेल्याचं कळवलंसुद्धा नाही. मृतदेह घरी पाठवायचा खर्च खात्याला पेलवत नव्हता.

उत्तर ऑन्टारिओतल्या त्याच करारासाठी 1905 साली तुम्ही फोर्ट आल्बनीला गेला होतात. त्याच गावच्या सेंट अ‍ॅन शाळेत पुढे घरी बनवलेली विजेची खुर्ची होती. मुलांना तीत बसवून झटके देत. ओकारी आली तर तीच परत खायला लावत. 1990च्या दशकात पोलिसांनी शेकडो जबान्या घेतल्या तेव्हा म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांनी हे सांगितलं. कराराच्या कागदात शिक्षणाचं वचन होतं; तुमच्यासमोर त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यावर खुणा केल्या होत्या. देशभरातून शारीरिक आणि लैंगिक अत्याचाराच्या भरपाईचे 38 हजारांवर दावे आले. फौजदारी शिक्षा झालेल्यांची संख्या पन्नासापेक्षाही कमी.

पळून जाणारीही होती. 1937 साली, नववर्षाच्या दिवशी, ब्रिटिश कोलंबियातल्या लेजाक शाळेतली चार मुलं घराच्या ओढीनं गोठलेल्या तळ्यावरून निघाली आणि बर्फात मेली. आठ-नऊ वर्षांची.

2008 साली तुमच्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. या शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या आयोगानं सहा हजारांहून जास्त साक्षी ऐकल्या आणि 2015 साली या सगळ्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. तुमच्या थडग्याशी पाटी आहे ना, त्याच वर्षी तिच्यावरचा मजकूर बदलला. कवी म्हणून तुमचं कौतुक करणाऱ्या पाटीवर आता या शाळाही आहेत. ब्राइस त्याच स्मशानभूमीत आहेत. दरवर्षी 30 सप्टेंबरला कॅनडातली शाळकरी मुलं नारिंगी सदरे घालतात, कारण 1973 साली सहा वर्षांच्या एका मुलीचा आजीनं घेऊन दिलेला नारिंगी सदरा शाळेच्या पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला. टोरान्टो-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांतली पोरंही तो सदरा घालून जातात आणि संध्याकाळी आईबापांना विचारतात. तुमचं नाव त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आयोगानं मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळलं ते असं. जवळपास निम्म्या नोंदींत मरणाचं कारण नाही. शेकडा 23 नोंदींत मुलगा की मुलगी तेही नाही. आणि शेकडा 32 नोंदींत नाव नाही. दरडोई अनुदानासाठी डोकी मोजणारं खातं तुमचं! एक डॉलर इकडचा तिकडे झाला तर पत्रांवर पत्रं पाठवणारं. त्याला मेलेल्या मुलाचं नाव विचारायचं सुचलं नाही.

या शाळांची कागदपत्रं जपणाऱ्या विनिपेगच्या केंद्रात आता मेलेल्या मुलांची यादी पुरी करणं चालू आहे. चार हजारांवर मुलं तीत आली आहेत आणि संख्या वाढते आहे. चर्चच्या वह्या, दवाखान्याचे कागद, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि तुमच्या खात्याचा पत्रव्यवहार शेजारी शेजारी ठेवून एकेक नाव शोधावं लागतं. हे काम तुमचं होतं, स्कॉट. तुम्ही ते केलं नाहीत, म्हणून आता त्या मुलांच्या भाचरांना आणि पतवंडांना तुमच्या सहीच्या फाईली उपसाव्या लागत आहेत.