टाकीतली नर्मदा

भेडाघाटला धुआंधारच्या कठड्याशी उभं राहिलं की वाटतं, ही नदी खाली पोचण्याआधीच निम्मी हवेत विरून जाते. तुषार वर येतात, चष्म्यावर बसतात, पापण्यांवर थबकतात आणि कुठंसे निघून जातात. सुमारे 30 मीटरची ती उडी मारून पुढं संगमरवराच्या घळीत शिरली की हीच बाई इतकी गंभीर होते, की मघाचा धिंगाणा हिनंच घातला यावर विश्वास बसू नये. घळीतले नावाडी यमकं जुळवत खडकाखडकाची ओळख करून देतात, 1960 सालच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चं चित्रीकरण कुठं झालं तेही दाखवतात. वर विरून गेलेल्या पाण्याचं पुढं काय होतं, हे मात्र त्यांच्या यमकांत बसत नाही. ते मला कळलं पंक्चरच्या दुकानात.

दुकान म्हणजे एक पत्रा, चार टायर आणि एक काँप्रेसर. आडवी टाकी, तिच्या पाठीवर पंप आणि मोटर, मध्ये फिरणारा पट्टा. दुपारी झोपमोड झालेल्या आजोबांसारखा तो कुरकुरत सुरू व्हायचा आणि काटा सातावर गेला की एक सुस्कारा टाकून गप्प बसायचा. माझ्याबरोबर जबलपूरचे काका होते. 1904 पासून चालू असलेल्या गन कॅरेज फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं काँप्रेसरच्या खोलीत. धबधब्याकडं त्यांनी पाहुण्यांच्या मर्जीखातर पाहिलं होतं. इथं मात्र ते आपणहून थांबले, वाकले आणि टाकीखाली बघत दुकानातल्या पोराला म्हणाले, “पानी कब निकाला था?”

काकांच्या मते माणसाची पारख ड्रेन कॉकवर होते. टाकीच्या पोटाखालचा हा बोटभर नळ कुणाच्या नजरेत येत नाही, आणि तो रोज उघडला म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. सात किलो दाबाला आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली जाते. हवा बिचारी अंग चोरून बसते, पण तिच्यातली वाफ काही मावत नाही. थंड होताच तिचं पाणी होतं. पावसाळी दमट दिवसात एकेका घनमीटर हवेतून वीसेक ग्रॅम तरी सुटतं. होड्या बंद असतात त्या महिन्यांत काँप्रेसरच्या पोटात मात्र पूर येतो. ते पाणी काढलं नाही तर टाकी आतून गंजते, वरचा रंग तसाच तुकतुकीत ठेवून. अशा टाकीचा भरवसा काय? काका एअर फिल्टर झटकायचे, तेलाची पातळी बघायचे, पट्टा अंगठ्यानं दाबायचे, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुड्यांची वाट बघायचे. बुडबुडा आला नाही की खूश. काहीही न घडल्याचा असा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. काकूंनी मात्र पाहिलाय म्हणे, लग्नाच्या वाढदिवशी.

पोरानं कॉक उघडला. फुस्स करून आधी हवा, मग तांबूस, तेलकट पाण्याची धार. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला. पलीकडं नदी हवा होत होती आणि इथं हवेची पुन्हा नदी होत होती. तिचा रंग जरा उतरला होता, इतकंच.

दिवाळी नुकतीच झाली होती, परिक्रमेचे दिवस. पांढऱ्या नऊवारीतल्या एक आजी काठी टेकत आल्या आणि रस्त्यावर आडव्या वाहणाऱ्या त्या ओघळाशी थबकल्या. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते.

“कुठलं रे पाणी हे?”

“हवेचं, आजी,” काका म्हणाले, आणि घाईघाईनं भर घातली, “इथल्याच.”

आजींनी एकदा धबधब्याच्या दिशेला पाहिलं, एकदा टाकीकडं. पोराला मराठी येत नव्हतं, पण अडचण कळली. त्यानं टायरचा एक तुकडा ओघळावर आडवा टाकला.

“अडवू नको रे बाबा, जाऊ दे तिला,” आजी म्हणाल्या. मग “नर्मदे हर” म्हणत, काँप्रेसर उजव्या हाताला ठेवून, टायरांच्या ढिगामागून लांबचा वळसा घेऊन त्या पुढं गेल्या.