अर्धलीची म्हैस, मुक्काम क्राइस्टचर्च

आमच्या कोल्हापूर भागात म्हैस अर्धलीनं देतात. जनावर एकाचं, गोठा आणि वैरण दुसऱ्याची, फायदा निम्मा-निम्मा. माझी म्हैस सध्या न्यूझीलंडात, क्राइस्टचर्चला, भाच्याच्या गॅरेजात बांधलेली आहे. जात सुझुकी, डीआर ६५०. दूध नाही. भाच्याच्या वाट्याला निम्मा फायदा म्हणून ओले टॉवेल वाळत घालायला हँडल येतं.

म्हैस घेतली ती बँकेतली सवय नडली म्हणून. पहिल्या खेपेला मोटारसायकल भाड्यानं घेतली होती. दिवसाला दीडशेवर डॉलर, सोळा दिवस. पावतीवरची बेरीज बघून मी रात्रभर जागा. दरवर्षी यायचं तर चार वर्षांत भाड्यात गाडी निघते, म्हणजे गाडी न घेणं हाच शुद्ध तोटा, हे सकाळी घरी फोन करून सांगितलं. पलीकडून बायको म्हणाली, "अहो, आणि विमानाचं तिकीट?"

"ते भाच्याच्या भेटीच्या खात्यावर."

घरची बुलेट नेण्याचा विचारही करून झाला होता. पण त्याला कार्नेट लागतं. गाडी परदेशात विकून येणार नाही, परत आणीन, अशी ती हमी, आणि हमीपोटी अनामत. शिवाय न्यूझीलंडचं माती-बियाण्याच्या बाबतीत सोवळं कडक. माझ्या बुलेटच्या मडगार्डखाली पन्हाळ्यापासून आंबोलीपर्यंतची माती थरांनी बसलेली. तिच्यापेक्षा मला व्हिसा मिळणं सोपं.

मग एका निवृत्त सुताराकडून जुनी डीआर घेतली. गाडी नावावर करायला दोघांचे दोन फॉर्म, एक लायसन्स आणि खिडकीपाशी दहा मिनिटं. एनओसी नाही, चेसिस नंबरवर पेन्सिल घासून काढलेला छाप नाही, एजंट नाही. काम झालं म्हणून खिडकीतली मुलगी हसली तरी मी तिथंच उभा. पुढच्या मंगळवारी या, असं कोणीतरी म्हणेल म्हणून. गाड्या डावीकडूनच चालतात आणि आपलं इंग्रजीतलं लायसन्स तिथं चालतं, त्यामुळे शिकायचं असं फक्त हॉर्न न वाजवणं उरलं.

नोंदीत एक गंमत मात्र आहे. तिथं तुमचं नाव लागतं ते मालक म्हणून नव्हे, गाडीला जबाबदार असलेला इसम म्हणून. मालकी तुमची तुम्ही वेगळी सिद्ध करा. हे बायकोला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे लग्नाच्या दाखल्यासारखंच."

दुसरी गंमत रेगोची. रेगो म्हणजे गाडी रस्त्यावर ठेवायची वार्षिक फी. तिच्यातच अपघाताच्या सरकारी भरपाईची वर्गणी असते. परका पाहुणा पडला तरी त्याच्या उपचाराचा भार ती योजना उचलते, त्यामुळे तिकडे थर्ड पार्टी विम्याची सक्तीच नाही. मोटारसायकलवाले जास्त मोडतात म्हणून त्यांची वर्गणी जड, आणि ६०० सीसीच्या वरची त्याहून जड. माझी ६४४. चव्वेचाळीस सीसीनं मार खाल्ला.

गाडी नुसती उभी असेल तर रेगो थांबवून ठेवता येतो, किमान तीन महिने. अट एकच, मुदत संपायच्या आत अर्ज करायचा. पहिल्या वर्षी मी ३१ मार्चला, इयर एंडिंगच्या जुन्या शिस्तीनं, रात्री नऊला निवांत अर्ज भरायला बसलो. इथं ३१ तारीख होती. तिथं १ एप्रिलचे पहाटेचे साडेचार वाजले होते. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना विलंब आकार लावला, त्याला चूक कळायला अर्धा तास लागला.

गाडी बांधून ठेवण्याचंही शास्त्र आहे. टाकी काठोकाठ भरायची; रिकामी जागा राहिली की आत दमट हवा आणि मग गंज. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाकायचं, नाहीतर ते सुकून जेटमध्ये चिकट राळ बसते. ऑइल नवं घालायचं, बॅटरी मंद चार्जरला जोडायची, चाकं जमिनीवरून उचलायची. आणि उंदरानं संसार थाटू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा. बोळ्यासाठी मी इथून सासूबाईंच्या जुन्या इरकलीचा तुकडा नेला होता.

दुसऱ्या वर्षी तो काढायचा राहिला. बटण दाबलं, गाडी गुदमरली, पुन्हा दाबलं, आणि 'फट्' करून इरकल उडाली ती थेट कुंपणापलीकडे. पाच मिनिटांनी शेजारचे आजोबा आले. तुकडा झटकून, चौकोनी घडी घालून आणला होता. "काठ सुरेख आहे," म्हणाले. सासूबाई असत्या तर त्यांना जेवायलाच बसवलं असतं.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हिडिओ कॉलवर होते. भाच्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, हळदकुंकू वाहते, चाकाखाली लिंबू ठेवते आणि मी इकडून सूचना करतो. एकदा कुंकू तेलात कालवून लावलं गेलं. ते पुढच्या शॉकअपवरून ओघळलं आणि तसंच वाळलं. पुढे फिटनेसच्या तपासणीत तिथल्या माणसानं ते बोटानं पुसलं, हुंगलं, आणि शॉकअपचं सील गेलंय का म्हणून टॉर्च घेऊन खाली वाकला. भाचा म्हणाला, "रिलिजस." माणसानं अदबीनं बोट पुसलं आणि गाडी पास केली.

गेल्या खेपेला आर्थर्स पासवर, ९२० मीटर उंचीवर, पाय, म्हणजे तिकडची सारण भरलेली पेस्ट्री, खायला थांबलो. तिथं किआ नावाचा डोंगरी पोपट असतो. हिरवट अंगाचा, पंखाखाली भगवा, चोच आकड्यासारखी. रबर म्हणजे त्याचं पक्वान्न. एकजण माझ्यासमोर बसून माझ्याकडे आदरानं बघत राहिला. मला वाटलं, पायचा वास आला असेल. तो मला बोलण्यात गुंतवायला नेमलेला होता. बाकीचे दोघे मागं सीटचा फोम उपसत होते. हाकलायला हेल्मेट उगारलं, तर एक काकू म्हणाल्या, जपून, १९८६पासून त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. माझ्या सीटला नव्हतं. विमा कंपनीच्या फॉर्मवर 'नुकसान कोणी केलं' या रकान्यात मी 'पोपट' लिहिलं. पुढून साधा प्रश्न आला, "किती?"

उरलेला पश्चिम किनारा मी उशीवर बसून उतरलो. एकपदरी पुलांवर लहान लाल बाण ज्याच्या बाजूला, त्यानं थांबायचं. मी मोठ्या बाणाच्या बाजूनंही थांबायचो. तेवढंच उभं राहायला मिळायचं.

इन्व्हरकार्गिलला ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात, खिळे, बिजागऱ्या आणि गवत कापायच्या यंत्रांच्या शेजारी, बर्ट मन्रोची लाल गाडी ठेवली आहे. १९२० सालची, नाव 'इंडियन'. याच गाववाल्यानं आपल्या शेडमध्ये हातानं पिस्टन ओतून, ६८व्या वर्षी, १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर तिला ताशी १८४ मैलांवर नेलं. परदेशात गाडी न्यायची हौस मला एकट्यालाच नाही, हे बायकोला कळावं म्हणून मी फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "त्यांना उशी लागली नव्हती." मन्रोनं मोडलेले सुटे भाग एका फळीवर मांडून ते वेगाच्या देवाला वाहिले होते, हे मात्र मी सूनबाईला मुद्दाम सांगितलं. आपलं कुंकू त्यामानानं किरकोळ.

मे महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, ऑकलंडला बदली झाली. तिथल्या घराला गॅरेज नाही." त्या रात्री मी पुन्हा जागा. म्हैस विकावी, तर भाड्याच्या हिशोबाला अजून एक वर्ष बाकी. चौथ्या दिवशी शेजारच्या आजोबांचा निरोप आला. आमच्या शेडमध्ये जागा आहे, मेंढरं केव्हाच विकलीत.

फायद्याचा निम्मा वाटा काय हवा, असं विचारलं, तर त्यांनी सायलेन्सरच्या बोळ्याला दुसरं फडकं शोधायला सांगितलं. ती इरकल आता त्यांच्या रेडिओखाली आहे.

परवा दसऱ्याला सकाळी व्हिडिओ कॉल आला. आजोबा स्वच्छ दाढी करून गाडीशेजारी उभे. परसातल्या झाडाचं मोठं लिंबू हातात घेऊन विचारत होते, "पुढच्या चाकाखाली की मागच्या?"