एक्केचाळीस क्रमांकाची नोंद

वृद्ध संगणकास सन्मानाने निरोप द्यावा हा व्यवहारी मनुष्याचा मार्ग, आणि त्याच्यात एखादा नवा भाग बसवून त्यास पुनश्च तारुण्य प्राप्त करून देण्याची खटपट करावी हा मध्यमवर्गीय गृहस्थाचा. या दुसऱ्या परंपरेस अनुसरून, चिरंजीवांच्या आग्रहाखातर, लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे सरकारदप्तरी ज्याची नोंद डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग अशी आहे त्या रस्त्यावरून, आणलेले ग्राफिक्स कार्ड आमच्या यंत्रात यथासांग स्थापन झाले. आणि आजवर पत्रव्यवहारात व हिशेबात कधी कसूर न केलेले ते यंत्र, खेळातील मोटार पहिल्या वळणावर येते न येते तोच, गतप्राण होऊन तत्क्षणी आपोआप पुनर्जन्म घेऊ लागले.

निळा पडदा आला असता तर त्यावरील सांकेतिक क्रमांकावरून काही तर्क तरी लढविता आला असता. विंडोजच्या दप्तरात मात्र ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद सापडली, आणि यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले हा तिचा मथितार्थ आम्ही सर्वांनी समक्ष पाहिलेलाच होता.

नवागतावर संशय घेण्याचा आपल्याकडे रिवाज असल्याने तज्ज्ञांनी एकमुखाने कार्डालाच आरोपी ठरविले. शेजारच्या निवृत्त अभियंत्यांनी उष्णतेचा मुद्दा काढून यंत्राचे झाकण उघडावयास लावले व समोर टेबलफॅन मांडला; भाच्याने सेफ मोडमध्ये शिरून जुन्या ड्रायव्हरचे अवशेष निपटून काढले; आणि दुरुस्तीवाल्याने, या व्यवसायातील सनातन विधी म्हणून, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासून, फुंकर मारून, ती खट्ट आवाज होईतो पुन्हा बसविली. रात्रभर चाललेल्या मेमटेस्टमधून रॅमही निर्दोष सुटली.

अखेर चिरंजीवांनी विजेरीच्या उजेडात यंत्रास वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसवरचा धुळीने माखलेला कागद वाचला. ‘४५० वॅट’ हा किताब ठळक अक्षरांत होता. खालच्या बारीक ओळीत मात्र बारा व्होल्टांवर सोळाच अँपिअर, म्हणजे प्रत्यक्ष वकूब १९२ वॅटांचा. कार्डास खाचेतून ७५ आणि सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅटांपर्यंत मागण्याचा हक्क, त्यात प्रोसेसरचे ९५, बेरीज २४५. खेळ रंगात आला की खजिन्यात खडखडाट! नवा एसएमपीएस बसताच मोटार सर्व वळणे ओलांडून गेली.

तेव्हा वाचकांस विनंती एवढीच, की नव्या कार्डावर फिर्याद गुदरण्यापूर्वी बारा व्होल्टांची ओळ वाचावी, एका वेळी एकच वस्तू बदलून पाहावी, आणि ठळक अक्षरांतील किताबावर, मग तो कोणाच्याही छातीवर असो, विसंबू नये.