अजिंठ्याचं स्पेलिंग

‘प्रे’ कसं लिहायचं, असं कुणी विचारलं तर आधी त्यालाच विचारावं, की बाबा, तुला देव हवाय का शिकार? पी-आर-ए-वाय म्हणजे प्रार्थना करणं. पी-आर-ई-वाय म्हणजे सावज. मधलं एक अक्षर बदललं की हात जोडून बसलेला माणूस थेट वाघाच्या तोंडी जातो. आणि कानाला यातलं काहीही कळत नाही.

शब्दखेळ खेळणाऱ्यांच्या घरात अशा जोड्यांवरून भिंती उभ्या राहत नसतील, पण वाढलेली पानं नक्की गार होतात. माझी भाची पुण्यात शिकते आणि स्क्रॅबल खेळते. पैकी पहिली गोष्ट ती सवडीने करते. तिच्यामुळे मला आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकी वास्तुविशारदाचं चरित्र पाठ झालं आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत याच्या हातचं काम गेलं. आपल्याकडे अशा वेळी माणूस पारावर बसतो. हा न्यूयॉर्क टाइम्ससारखी वर्तमानपत्रं घेऊन त्यातली अक्षरं मोजत बसला. ई किती वेळा आला, झेड किती वेळा आला. जे अक्षर पैशाला पासरी त्याला एक गुण, जे औषधाला सापडत नाही त्याला दहा. पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं आणि लोकांची जेवणं गार व्हायला सुरुवात झाली. या बट्सच्या आडनावात दोन टी आहेत. त्यातला एक काढला तर उच्चार तोच राहतो, माणूस मात्र जातो आणि नुसतं ‘पण, पण’ उरतं.

मराठीत लिहिणाऱ्याला एक मोठी सोय आहे. देवनागरी कानाचं ऐकते, डोळ्याचं नाही. साइट म्हणजे जागा, साइट म्हणजे दृष्टी आणि साइट म्हणजे दाखला देणं. इंग्रजीत तीन स्पेलिंगं, आपल्याकडे एकाच भांड्यात तिघांचा स्वयंपाक. म्हणून या लेखात मला जागोजाग अक्षरं फोडून दाखवावी लागणार आहेत. वाचकांनी ती मोठ्याने म्हणू नयेत, घरच्यांना काळजी वाटते.

तर सांगत होतो ‘प्रे’ची गोष्ट. ही जोडी जगात कुठे खरोखर घडली असेल तर ती आमच्या अजिंठ्याला. एप्रिल १८१९. मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर डोंगरात आला. दरीत नदी कोणती? वाघोरा. म्हणजे पत्ता बरोबर होता. पलीकडच्या कड्यावर त्याला झाडोऱ्यातून एक कमान दिसली आणि सावज शोधायला आलेला हा गडी प्रार्थनेच्या जागी जाऊन पोचला. पी-आर-ई-वाय काढायला गेला आणि पी-आर-ए-वाय निघालं. स्क्रॅबलमध्ये दोन्ही शब्दांचे गुण नऊच, त्यामुळे त्याचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. वाघाचा तर फायदाच झाला.

स्मिथ ज्या दहा नंबरच्या लेणीत शिरला तो चैत्य. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, मध्ये लांबलचक दालन, टोकाला स्तूप. इंग्रज पंडितांनी या दालनाला आपल्या चर्चमधला शब्द लावला, नेव्ह. एन-ए-व्ही-ई. मूळ लॅटिनमध्ये याचा अर्थ जहाज. याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याच्या आधी के लागतो आणि तो के कुणीही उच्चारत नाही. एकेकाळी उच्चारत असत. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ साधा ‘मुलगा’ असा होता. मग तो नोकर झाला, मग लबाड झाला आणि शेवटी पत्त्यांतला गुलाम झाला. एवढी अधोगती होत असताना के गप्प बसला, ते बसलाच.

स्मिथने त्या दालनात काय करावं? खांबावर रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरली. नेव्हमध्ये नेव्ह, दुसरं काय म्हणायचं! ते नाव आजही आहे, पण आपल्या डोक्याच्या वर, हात पोचणार नाही इतकं उंच. कारण तेव्हा लेणीत माती-दगडांचा ढीग साचला होता आणि साहेब त्यावर उभा होता. पुढे ढीग उपसला गेला, साहेबाचं नाव तेवढं अधांतरी राहिलं. आता गुण मोजा. एन-ए-व्ही-ई, सात. आधी के लावा, बारा. दालनापेक्षा लबाडाला पाच गुण जास्त. बट्सने हे वर्तमानपत्रं मोजून ठरवलं होतं, त्यामुळे मला नवल वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन अजिंठ्याला गेलो. बरोबर आमचे तात्या, म्हणजे माझे काका. तात्यांची शेती सिल्लोड तालुक्यात, त्यामुळे लेणी त्यांना घराजवळची. घराजवळची गोष्ट माणूस पाहत नाही या नियमानुसार त्यांनी लेणी शाळेच्या सहलीनंतर पाहिली नव्हती. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव असं करत गाडी अजिंठा गावाकडे निघाली. रस्त्यात भाचीने खेळ काढला: समोर दिसेल त्या गोष्टीचं दुसरं स्पेलिंग सांगायचं. सुरुवात रोडपासून. आर-ओ-ए-डी म्हणजे रस्ता, आर-ओ-डी-ई म्हणजे स्वार झाला, आर-ओ-डब्ल्यू-ई-डी म्हणजे वल्हवलं. तात्या म्हणाले, “अन् वाळलेल्या मानसाला बी रोडच म्हंत्यात.” तो अर्थ इंग्रजांकडे नाही. तात्यांना एक गुण.

सिल्लोड सोडताना मला असई आठवली. ती जालना जिल्ह्यात, पण या भागात इतिहास जिल्ह्याची हद्द पाहून घडलेला नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने तिथे शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला आणि आपले जखमी अजिंठ्याला आणून ठेवले. इंग्रजांनी असईचं स्पेलिंग ए-एस-एस-ए-वाय-ई असं केलं. त्यातला शेवटचा ई काढला की धातूचा कस लावणं होतं. पहिल्या ए-चा ई केला की निबंध होतो, म्हणजे आपण सध्या वाचत आहात तो प्रकार. दोन्हींना आठ-आठ गुण. खुद्द असईला मात्र शून्य, कारण विशेषनाम या खेळात चालत नाही. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवून आला, आमच्या भाचीच्या पाटावर त्याची एक सोंगटी लागत नाही.

अजिंठ्यालाही शून्यच. या गावाचे हाल तर वेगळेच. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ते ए-जे-यू-एन-टी-ए असं छापलेलं असतं, कारण साहेबाच्या कानाला आपला ‘अ’ यूसारखा लागायचा. मग कधीतरी यू जाऊन त्याजागी ए बसला. मग आपण तो ए प्रामाणिकपणे वाचला आणि अजंता म्हणू लागलो. गाव इथेच होतं, फक्त त्याचं नाव विलायतेला जाऊन आलं आणि परत येताना ‘ठ’ तिकडेच विसरलं.

फर्दापूरजवळ गाडी लावून पुढे एसटीच्या बसने जावं लागतं. बसपर्यंत पोचायच्या आत स्फटिकवाले गाठतात. जांभळे, पांढरे, फोडलेल्या दगडाच्या पोटात चमचमणारे. इथे ‘सेल’चं राज्य. विकणं तो एस-ई-डबल-एल. भिक्षूंची निजायची खोली ती सी-ई-डबल-एल. किमती उतरवल्या की एस-ए-एल-ई. शेवटच्याचा उच्चार थोडा लांब आहे असं भाची म्हणते, पण फर्दापूरला तेवढा वेळ कुणाकडे नाही. तात्यांनी खिसे चाचपून विचारलं, “आत अंधार असंल ना? बॅटरीत सेल हायेत का?” त्यांचा सेल चौथा, आणि माझ्या मते एकटाच उपयोगाचा.

दोन नंबरच्या लेणीत छत पाहायचं असतं. मान दुखेपर्यंत पाहिलं तरी संपत नाही: वेली, फुलं, फळं, चौकटीत चौकट, मधोमध वर्तुळं. शेजारी एक गाइड परदेशी पाहुण्यांना समजावत होता. त्याच्या तोंडी दर दोन वाक्यांत एकदा ‘सीलिंग’ येत होतं. तात्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हितं बी आली का सीलिंग?”

“आली म्हणजे? वर बघा की,” भाची म्हणाली.

“किती एकर गेली?”

१९६१ साली महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला. सरकारी कागदावर त्याचं नाव काहीही असो, मराठवाड्याच्या तोंडी तो सीलिंगचा कायदा. ‘त्याची सीलिंगमध्ये गेली’ एवढं म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. कुणाची जमीन गेली, कुणी ती भाच्या-पुतण्यांच्या नावावर करून वाचवली, कुणी चक्क गड्याच्या नावावर केली आणि मग गडी मालकाला ओळखेना. तात्यांच्या पिढीला छत या अर्थाचं सीलिंग माहीतच नाही, आणि खरं तर शब्द एकच आहे. वरची मर्यादा, मग ती रंगवलेली असो की तलाठ्याने आखलेली.

भाचीला यात वेगळंच दिसलं. मोहोर मारून बंद करणं तेही सीलिंग, एस-ई-ए-एल वालं. ते सात अक्षरांचं आणि छतवालंही सात अक्षरांचं. हातातली सातही अक्षरं एकदम लावली की वर पन्नास मिळतात.

“पन्नास एकर?” तात्या.

“गुण, आजोबा.”

“मंग ऱ्हाऊ दे.”

एव्हाना मला इंग्रजीची कीव येऊ लागली होती. छापखाने आले, स्पेलिंगं गोठली, आणि उच्चार पुढे शतकानुशतकं वाहत राहिले. त्यामुळे तिथल्या पोरांना जन्मभर स्पेलिंगच्या स्पर्धा खेळाव्या लागतात. आपल्याकडे बघा, जसं बोलतो तसं लिहितो! असं मी भाचीला बऱ्यापैकी मोठ्या आवाजात सांगत होतो, आणि सांगता सांगता आम्ही एक नंबरच्या लेणीत पद्मपाणीसमोर येऊन उभे राहिलो. गर्दीमुळे ती आम्ही मागे ठेवली होती.

त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे आणि ते माझ्यापेक्षा जाणत्यांनी लिहून झालं आहे. डोक्यावर उंच मुकुट, किंचित कललेली मान, खाली झुकलेले डोळे, आणि उजव्या हातात निळं कमळ, तेही देठाला बोटांच्या टोकांनी असं धरलेलं की जरा जोर लावला तर त्याला लागेल. तात्या बराच वेळ पाहत होते. आमच्याकडे इतका वेळ ते फक्त आभाळाकडे पाहतात. मग म्हणाले, “कमळ दिसलं. पानी कुठंय?”

मराठवाड्यातला माणूस हा प्रश्न कुठेही विचारू शकतो, त्यात गैर काही नाही. पण इथे चूक तात्यांची नव्हतीच. संस्कृतात पाणि म्हणजे हात, णि ऱ्हस्व. ज्याच्या हातात पद्म तो पद्मपाणि. पाणिग्रहणातला हात तोच, म्हणून लग्नात वधूचा हात धरतात, हंडा धरत नाहीत. हंडा नंतर येतो. आता १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले. त्यांत तत्सम शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असं ठरलं. कवि होता तो कवी झाला, त्याचं काही बिघडलं नाही. पाणि मात्र पाणी झाला. एका वेलांटीसरशी बोधिसत्त्वाचा हात गेला आणि टँकर आला.

भाचीने मला तिथल्या तिथे पकडलं. “मामा, जसं बोलतो तसं लिहितो ना? मग दिन आणि दीन सांग.” आता हे नाजूक आहे. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, बापुडा. बोलताना फरक करणारा माणूस मला भेटलेला नाही आणि लिहिताना करणारा क्वचित भेटतो. १ मे जवळ आला की चौकाचौकात फलक लागतात, त्यांतले काही ‘महाराष्ट्र दीन’ चिरायू होवो असं म्हणतात. त्यावर नेत्यांचे हसरे फोटो असतात, त्यामुळे अर्थ अधिकच स्पष्ट होतो. मी विषय बदलला आणि भूक लागल्याचं जाहीर केलं.

परतताना सिल्लोडच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. मेनूकार्ड इंग्रजीत. त्यावर ‘चिली पनीर’. स्पेलिंग शेवटी वाय लावलेलं, म्हणजे थंडी वाजणारं पनीर. हे मेनूकार्ड गडचिरोलीपासून गोव्यापर्यंत एकाच छापखान्यात छापतात अशी माझी शंका आहे, कारण वाय सगळीकडे तोच असतो. पोराला हाक मारून ‘हे गार आहे का?’ असं विचारायची भाचीला हुक्की आली होती, मी थांबवलं. त्याने खरोखर गार आणलं असतं.

सिल्लोडला येऊन मिरचीचं स्पेलिंग चुकवणं म्हणजे कहर. हा तालुका हिरव्या मिरचीवर जगतो. मी म्हटलं, मिरची ती डबल-एल-आय. भाची म्हणाली, सिंगल एलवालीही चालते, अमेरिकेत ती लिहितात, आणि पाच अक्षरांची असल्यामुळे वर्डलला बरी पडते. मी म्हटलं, शेवटी ई लावला की दक्षिण अमेरिकेतला देश होतो, तो बाद. तिने मोबाइलवर शब्दकोश उघडून माझ्यासमोर धरला. ई लावूनही मिरचीच होते, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली. म्हणजे मिरचीला तीन स्पेलिंगं, थंडीला एक, आणि देश फुकट.

तात्या इतका वेळ कांदा फोडत होते. मिरचीचं नाव निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच खेळात मनापासून लक्ष घातलं. “कोन्त्या मिरचीला किती भाव हाय?”

भाचीने गुण मोजले. सिंगल एलची मिरची, दहा. ईवाली, दहा. डबल एलची, अकरा. आणि वाय लावलेली थंडी, चौदा.

“म्हंजी तोडा करायला मजूर लावा, गोन्या भरा, गाडी करा, अन् भाव अकरा. अन् ज्यात मिरचीच नाही त्याला चवदा?” तात्यांनी कांद्याची फोड तोंडात टाकली. “पोरी, ह्यो खेळ काढनारा मानूस मोंढ्यात आडत्या व्हता का गं?”