आदत, दुसा आणि आम्ही

कुरकुंभला एमआयडीसी झाली, रासायनिक कारखाने आले, पण आमच्या तात्यांची माणसं पारखायची रीत गोठ्यातलीच राहिली. जन्मदाखल्यापेक्षा बैलाचा जबडा खरा बोलतो, असं त्यांचं ठाम मत. सगळे दुधाचेच दात असले तर आदत. दोन-अडीच वर्षांचा होऊन दोन पक्के दात आले की दुसा, पुढे चौसा, मग सहादाती आणि आठही आले की जुळला. बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा असे गटही ह्याच हिशेबाने पडतात. सुप्रीम कोर्टाने 2014 साली शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी दिली. मधल्या काळात तात्यांनी ही सगळी विद्या पाहुण्यारावळ्यांवर वापरली. धाकटीचं स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाला त्यांनी चहाआधीच विचारलं, “पोरगा जुळलाय का?”

“जुळलीय की, छत्तीस गुण!”

“पत्रिकेचं न्हवं, दाताचं इचारतोय.”

गाईचं वासरू मादी असेल तर कालवड, नर असेल तर गोऱ्हा, तो अंगाने भरला की खोंड. म्हशीचं रेडकू, त्यातली मादी वगार. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू. जनावरांची एवढी नेमकी नावं. आणि आमच्या पुण्याच्या भाचरांना काका, मामा, आत्याचा नवरा, सगळे ‘अंकल’. तात्या म्हणतात, “रेडकू बरं. निदान आपली म्हस कोणती ते तरी वळखतंय.”

उसाची भाषा त्यांनी राखून ठेवलीय ती नोकरदारांसाठी. जुलै-ऑगस्टात लावायचा तो आडसाली, दीड वर्ष रान अडवणारा. साखरपुडा उरकून लग्न लांबवणारी मंडळी ह्या खात्यात. ऊस तुटल्यावर बुडख्यातून फुटतो तो खोडवा. ना बेणं, ना नांगरट. शेजारचे साहेब निवृत्त झाले आणि त्याच कंपनीत, त्याच खुर्चीवर, कमी पगारात पुन्हा रुजू झाले, तेव्हा तात्यांनी वेशीतच जाहीर केलं, “सायबांचा खोडवा धरला!” वर्षाने मुदत आणखी वाढली, तेव्हा निडवा, म्हणजे खोडव्याचाही खोडवा. साहेबांना आधी राग आला. आता तेच ‘आमचा निडवा कसा चाललाय’ ते सांगतात.

परवा संपादकांनी माझ्याकडे ह्याच विषयावर सलग तिसरा लेख मागितला. मानधन पहिल्याएवढंच. तात्यांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, “निडवा हाय. भाव वाढणार नसंल तर खत घालू नगंस.”