एक्केचाळीस सालचे विजेते

अलाबामा राज्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला कुणी जातगोत विचारत नाही. 'अलाबामा की ऑबर्न?' एवढंच विचारतात. ही दोन विद्यापीठं. पण प्रश्न शिक्षणाचा नव्हे, कॉलेज फुटबॉलचा. आमच्या कुंपणापलीकडचे गृहस्थ अलाबामाचे. शिकायला म्हणून त्या विद्यापीठाची पायरी ते कधी चढले नाहीत, तरी बोलणं सगळं 'आम्ही जिंकलो', 'आमच्यावर अन्याय झाला' असं. बायको ऑबर्नची. लग्न टिकलंय, कसं ते विचारू नये.

शनिवारी सकाळी किरमिजी टोपी घालून ते अंगणात ग्रिल पेटवतात आणि मांसावर सॉस चोपडता चोपडता खटला उभा करतात : अमुक साली देशाचा खरा विजेता कोण? यात वाद कसला, असं आपल्याला वाटेल. पण कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात एनसीएए ही शिखर संस्था विजेतेपद देतच नाही. 1936 पासून एपी या वृत्तसंस्थेसाठी पत्रकार मतं देतात, पुढे प्रशिक्षकांचं वेगळं मतदान आलं, शिवाय आकडेमोड करून क्रम लावणारे निराळेच. एनसीएएच्या पुस्तकात या साऱ्यांचे निकाल शेजारी शेजारी छापलेले. सातबाऱ्यावर इतके रकाने असल्यावर भाऊबंदकीत मुरलेल्या माणसाला आपलं नाव कुठेतरी सापडणारच.

विद्यापीठ 18 विजेतेपदं सांगतं. त्यातलं 1941 चं यांचं लाडकं. त्या साली संघ मिसिसिपी स्टेटशी हरला, व्हँडरबिल्टशी हरला, आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, तिसरा आला आणि एपीच्या यादीत विसावा. पहिला होता एकही सामना न हरलेला मिनेसोटा. पण डीक होलगेट नावाच्या गृहस्थाच्या गणितात अलाबामा पहिला निघाला. 1980 च्या दशकात विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाने जुने कागद उकरले आणि हे व आणखी चार विजेतेपदं खात्यावर चढवली.

'पण विसावा नंबर?' मी विचारलं.

'मतं देणारे उत्तरेतले होते! आणि कॉटन बाउलच्या सामन्यात टेक्सस ए अँड एमला 29-21 हरवलं, ते?'

'अख्ख्या सामन्यात फर्स्ट डाउन एकच मिळाला होता,' स्वयंपाकघरातून आवाज आला. पाठोपाठ बाईही आल्या. '2017 मध्ये ऑबर्नने तुम्हाला 26-14 हरवलं. ऑबर्नला सेंट्रल फ्लोरिडाने 34-27 हरवलं. ते 13 पैकी 13 जिंकले. मग त्या साली विजेते तुम्ही कसे?'

'डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली म्हणून कुणी विजेता होत नाही.'

'कॉलीच्या गणितात तेच पहिले होते.'

'कॉली? हा कोण?'

होलगेटचे भक्त हे विचारत होते.

त्यांची खरी बाजू 1966 ची. अलाबामा 11 पैकी 11 जिंकला. नोत्र दामने मिशिगन स्टेटशी 10-10 अशी बरोबरी पत्करली, शेवटी तर वेळ काढला, तरी पहिला नंबर त्यांचा, अलाबामा तिसरा. हे सांगताना गृहस्थांचा आवाज खाली येतो. अलाबामाच्या त्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता आणि काही मतदारांना ते खुपलं असावं, हे मात्र त्यांच्या कैफियतीत येत नाही. गंमत अशी, की 1941 मिरवणारं विद्यापीठ 1966 वर दावाच सांगत नाही. बळकट खटला सोडून लंगडा लढवायचा, याला वेगळीच रग लागते.

2024 पासून बारा संघांचं प्लेऑफ सुरू झालं. आता निकाल मैदानातच लागणार, बिचारे रिकामे होतील, असं मला वाटलं. डिसेंबरात यादी लागली. अलाबामा अकरावा, पण बाहेर. सोळावा क्लेम्सन कॉन्फरन्स जिंकल्यामुळे थेट आत. गृहस्थ कुंपणाशी आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन.

'बारा जागा, आम्ही अकरावे, आणि बाहेर! सांग मला!'

'तीन सामने हरलात की,' बाई म्हणाल्या.

'हरलो. पण कुणाशी हरलो ते बघ!'

'व्हँडरबिल्टशी. एक्केचाळीसलाही तेच होते.'