ज्ञानेश्वरी, पण कोणाची?

सप्ताह तोंडावर आला की कळंबमध्ये सार्थ ज्ञानेश्वरीचं गिऱ्हाईक वाढतं. पुस्तक हातात घेऊन आधी वजन पाहायचं, मग टाईप. चष्म्याशिवाय वाचता आला, तर अर्थ बरोबरच असणार!

खरी पंचाईत पुढे. साखरे महाराजांची घ्यावी की सोनोपंत दांडेकरांची? फडावरचे जाणते आपापल्या परंपरेचं नाव घेतात आणि दुसऱ्या प्रतीला हळूच 'बरी आहे' म्हणतात. फार अभ्यासू कुणी असला तर राजवाड्यांचं नाव काढतो. शेजारच्या बीडमध्ये मिळालेल्या जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली प्रत छापली. तिची मराठी इतकी जुनी, की अर्थालाच अर्थ लागावा.

हा गोंधळ आजचा नाही. १२९० च्या ग्रंथात तीनशे वर्षांत इतके पाठ घुसले, की १५८४ मध्ये एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. यापुढे कुणी ओवी घुसडू नये, अशी तंबीही त्यांनी दिली. तरी ओव्यांची संख्या प्रतीगणिक बदलतेच. आकडा नऊ हजारांच्या आसपास घुटमळतो.

गिऱ्हाईक शेवटी लाल कापडी बांधणीची उचलतं. मखमली वेष्टण वेगळं, घासाघीसही वेगळी.